ग्रामसभेत बोलायचंय? तयारी घरापासून करा

सरपंचांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?" आणि माझा हात मांडीवरून चार बोटं वर आला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "नाही नाही, झालं सगळं. चहा आणा." हात परत पदराखाली गेला. देवळाच्या सभामंडपात आम्ही बायका शेवटच्या खांबाला टेकून, चपलांजवळ बसलो होतो. घरी जाताना मनातल्या मनात सगळं बोलून झालं, अगदी मुद्देसूद. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

अशा चार ग्रामसभा गेल्या. चारही वेळा विषय तोच होता: वरच्या आळीतल्या नळांना पाणी चढत नाही. पाचव्या सभेत मी उभी राहिले आणि बोलले. मधल्या काळात काय केलं आणि कुठल्या क्रमानं केलं, ते इथं लिहितेय. बोलायची वेळ आली की घशाशी आवंढा येणाऱ्या सगळ्यांसाठी हे आहे. बायकांसाठी तर आहेच, पण मजुरीला जाणारे पुरुष, वस्तीवर राहणारी माणसं, नुकतंच मतदार यादीत नाव लागलेली मुलं-मुली, यांच्यासाठीही आहे.

बोलणाऱ्यांना हिंमत जन्मतःच मिळते, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग मी त्यांच्याकडे नीट पाहायला लागले. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हातात कागद असतो आणि शेजारी आपलं माणूस बसलेलं असतं. हे सगळं जमवता येतं.

आधी भीती कुठली आहे ते बघा

एका साध्या वहीत आठ दिवस लिहा: आज कुठं बोलायचं होतं आणि गिळलं. दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही. माझ्या वहीत पहिल्या दिवशी तीन नोंदी होत्या. दवाखान्यात गोळ्या कशाच्या ते विचारलं नाही. दळणात पीठ कमी वाटलं, बोलले नाही. जावेनं सगळ्यांसमोर टोमणा मारला, हसून घालवलं.

प्रत्येक नोंदीपुढं एकच गोष्ट लिहायची: बोलले असते तर काय झालं असतं? उत्तरं वाचली की भीतीचे दोन वेगळे गठ्ठे पडतात. पहिल्या गठ्ठ्यात आवाज कापेल, शब्द चुकतील, लोक हसतील, "हिला काय कळतं" म्हणतील. ही भीती सरावानं कमी होते, आणि बऱ्यापैकी लवकर होते.

दुसऱ्या गठ्ठ्यात हातचं काही जाण्याची भीती असते. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच शेतावर आपण रोजानं जातो. घरकुलाच्या यादीतलं नाव त्यांच्या हातात आहे असं वाटतं. घरी मार पडेल. ही भीती खरी असते आणि ती सरावानं जात नाही. तिच्यासाठी वेगळी वाट काढावी लागते, त्याबद्दल पुढं लिहिलंय. "हिंमत कर गं" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या भीतीबद्दल बोलत असतो आणि ऐकणारी दुसऱ्या भीतीत असते. म्हणून तो सल्ला तिला लागत नाही. आपली भीती कुठली, हे स्वतःला प्रामाणिकपणे सांगा. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

सराव छोट्या जागी करा

ज्याला विहिरीत पोहायचंय तो आधी डबा बांधून, काठाला धरून पाय मारतो. बोलण्याचंही तसंच आहे. जिथं नुकसान काहीच नाही आणि समोरचं माणूस रोजचं आहे, अशा ठिकाणी सुरुवात करा.

एसटीत कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून राहिलेले पैसे तिकिटामागं लिहून दिले असतील, तर उतरायच्या एक थांबा आधी मागून घ्या. "दादा, माझे वीस रुपये राहिलेत," एवढंच. भाजी घेताना काटा शून्यावर आहे का ते पाहा, नसेल तर "ताई, काटा शून्यावर घ्या ना" म्हणा.

रेशनच्या दुकानात थोडं जड जातं, कारण दुकानदार ओळखीचा असतो आणि मागं रांग असते. पण तिथं तुमच्या बाजूनं आकडा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, हे ठरलेलं आहे. २०२३च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. यंत्रावर अंगठा लावला की पावती निघते. ती मागायची: "भाऊ, पावती द्या." तीन शब्दांचं वाक्य, पण पहिल्यांदा म्हणताना माझे कान गरम झाले होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनीच न मागता पावती पुढं केली.

दवाखान्यात तीन प्रश्न पाठ करून जा: ही गोळी कशासाठी, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस? डॉक्टर घाईत असतात, हे मान्य. तरी चिठ्ठी हातात घेऊन उठायच्या आत विचारायचं. खुर्चीतून उठलात की प्रश्न राहिला म्हणून समजा.

घरातला सराव सगळ्यात अवघड. तो मी मुद्दाम शेवटी ठेवते. घरातल्या माणसांना आपल्या गप्प बसण्याची सवय झालेली असते, त्यामुळं पहिल्यांदा बोललं की त्यांना ते भांडणच वाटतं. म्हणून घरी तक्रारीनं सुरुवात करू नका, मागणीनं करा. "माझं जेवण नेहमी गार होतं" याऐवजी "आज मी तुमच्याबरोबर बसते, चपात्या आधीच करून ठेवते." मी एवढंच म्हटलं आणि बसले. कुणी काही म्हणालं नाही. त्या दिवशी समजलं की काही दारं नुसतीच लोटलेली असतात.

बोलायच्या विषयाचं माप घ्या

माझं खरं बळ इथं आलं, म्हणून इथं जरा थांबते.

पाण्याबद्दल आमची आळी वर्षानुवर्षं म्हणत होती, "पाणीच येत नाही." आणि उत्तर यायचं, "येतं की, सगळ्यांना येतं." दोन्ही बाजूंनी नुसते शब्द. मग एक दिवस मी निळी बादली घेतली, १५ लिटरची, आणि मुलाच्या मोबाइलवर वेळ लावली. आमच्या नळाखाली बादली भरायला सहा मिनिटं लागली. खालच्या आळीत माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे तीच बादली नेली. पन्नास सेकंद.

आमच्याकडे सकाळी वीस मिनिटं पाणी असतं. वीस मिनिटांत सहा मिनिटांची एक बादली म्हणजे तीन बादल्या आणि वर थोडं, म्हणजे पन्नास लिटरपर्यंत. घरात माणसं पाच. माणशी १० लिटर. आणि जलजीवन मिशनमध्ये, जे २०१९ सालच्या १५ ऑगस्टला जाहीर झालं, ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलंय. पाच माणसांना २७५ लिटर.

हे गणित मी स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागं केलं आणि पहिल्यांदा वाटलं, आता मला कुणी गप्प करू शकणार नाही. सहा दिवस रोज मोजलं, तारखेसह लिहिलं. शेजारच्या दोन घरांतही मोजलं. "आमच्यावर अन्याय होतो" या वाक्याला दहा उत्तरं देता येतात. सहा मिनिटांच्या बादलीला उत्तर द्यायचं तर वरच्या आळीत यावं लागतं.

तुमचा विषय कुठलाही असो, त्यात मोजण्यासारखं काहीतरी सापडतंच. दिव्याच्या खांबांतले किती बंद आहेत, कधीपासून? अंगणवाडीत खाऊ किती दिवस आला नाही? गटार किती फूट तुंबलंय? दारूच्या गुत्त्यासमोरून शाळेत किती मुली जातात? मोजा, तारीख लिहा, जमलं तर फोटो काढा.

चार ओळी लिहा, जास्त नको

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पान भरलं. त्यात "नेहमीच", "मुद्दाम" आणि "ज्यांची मतं तुम्हाला पडली त्यांनाच" असं सगळं होतं. रात्री वाचलं तर लक्षात आलं की सभेत यातलं फक्त शेवटचं वाक्य लोक ऐकतील आणि पुढचा तासभर मतांवरून भांडतील. पाणी बाजूलाच राहील. ते खोडलं.

शेवटी राहिलं ते असं:

"मी वरच्या आळीत राहते. सकाळी आमच्याकडे २० मिनिटं पाणी येतं आणि १५ लिटरची बादली भरायला ६ मिनिटं लागतात. खालच्या आळीत तीच बादली ५० सेकंदांत भरते. वरच्या आळीला वेगळी पाळी द्यावी आणि ती कधीपासून देणार, ते आज सांगावं."

यात मी कोण, काय घडतंय, काय हवं आणि कधी, एवढं येतं. माणसाचं नाव कुठंही नाही. पाणी सोडणारा माणूस आमच्याच गावचा, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. व्हॉल्व्ह फिरवायचा होता.

हे लिहून झालं की मोठ्यानं वाचा, रोज दोनदा. भांडी घासताना, दूध तापवताना. पहिली ओळ तर झोपेतही म्हणता आली पाहिजे, कारण उभं राहिल्यावर पहिले दहा सेकंद डोकं रिकामं होतं आणि तेव्हा पाठ असलेलंच बाहेर पडतं. आपल्याच बोलीत लिहा. "सदर विषयाबाबत मी निदर्शनास आणून देऊ इच्छिते" असलं काही नको. ते जिभेवर अडकतं.

घरी आधी सांगा

सभेत बोलून घरी आल्यावर "आम्हाला चव्हाट्यावर कळतंय होय?" असं ऐकायचं नसेल तर आधी सांगा. परवानगी मागायची नाही, कानावर घालायचं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, येत्या ग्रामसभेत मी पाण्याचं विचारणार आहे." त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेंगा निवडताना म्हणाल्या, "हंडे वाहून माझी कंबर गेली. विचार." ह्यांची काळजी वेगळी होती: सरपंचांच्या चुलतभावाकडे आमचा ट्रॅक्टरचा हिशेब चालतो. म्हणून मी माझा कागद त्यांना वाचून दाखवला. कुणाचं नाव नाही, हे बघून ते शांत झाले. घरातून थोडीशीही साथ मिळाली तर सभेत पाय घट्ट रोवता येतात.

एकटीनं जाऊ नका

बचत गटाच्या दोघी माझ्याबरोबर होत्या. त्यांनी बोलायचं नव्हतं. त्यांचं काम ठरलेलं होतं: मला कुणी मध्येच तोडलं तर दोघींनी एकदम म्हणायचं, "तिचं होऊ द्या." हे तीन शब्द मी कधी विसरणार नाही.

ज्यांना सगळ्यांसमोर बोलणं फारच जड जातं, त्यांनी या कामानं सुरुवात करावी. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देणं, हेही बोलणंच आहे, आणि ते पटकन जमतं.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हा कायदा आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. "महिला सभा कधी आहे?" एवढाच प्रश्न ग्रामपंचायतीत विचारा. ती झाली तर तुमच्या चार ओळी तिथं आधी म्हणून बघा. ओळखीचे चेहरे असतात, आवाज मोकळा होतो, आणि तिथं ठरलेला विषय पुढं ग्रामसभेत मांडला जातो. मग तो एका बाईचा राहत नाही.

कागदाचं काम

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथं चुकलं की बोललेलं वाऱ्यावर जातं.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. बोलण्यासाठी वेगळी कुणाची मेहेरबानी लागत नाही. राज्यात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तिच्यात विषयपत्रिका असते. नोटीस बोर्डाचा फोटो काढून ठेवा.

तुमचा विषय साध्या कागदावर लिहून सभेआधी ग्रामपंचायतीत द्या. ग्रामसेवकांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात आणि भाऊसाहेब अशी हाक मारतात. दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर सही, शिक्का, तारीख घ्या. "भाऊसाहेब, पोच द्या." हेही पहिल्यांदा म्हणायला जड जातं. म्हणूनच रेशनच्या पावतीवर सराव करायचा. पत्रिकेत विषय आलाच नाही तरी शेवटी "आयत्या वेळचे विषय" असतात, तिथं तो घ्या म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा समजली. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी, तेवढी हजेरी लागते. तेवढी भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी परत आलेली माणसं "सभा झालीच नाही" म्हणून घरी बसतात आणि ठराव दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस जणांत होतात. म्हणून तहकूब सभेची तारीख तिथंच विचारून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा.

त्या दिवशी

काहीतरी खाऊन जा. उपाशीपोटी हात जास्त थरथरतात. लवकर जा आणि चपलांपासून उठून मध्ये बसा. पुढं नको वाटत असेल तर निदान अशा जागी, जिथून उभं राहिल्यावर भाऊसाहेबांना तुमचा चेहरा दिसेल. शेवटच्या खांबाजवळून उठलेली बाई बोलतेय की जायला निघालीये, हेच लोकांना कळत नाही.

विषय जवळ आला की छाती धडधडायला लागेल. लागू दे. श्वास सावकाश सोडायचा, घेतल्यापेक्षा जास्त वेळ. तीन-चार वेळा केलं की घसा जरा सैल होतो. उभं राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, एका पायावर भार देऊन उभं राहू नका. पूर्ण सभेकडे बघायचं नाही. ओळखीचा एक चेहरा निवडा आणि त्याला सांगतोय असं बोला. मी मावसबहिणीकडे बघत होते.

कागद बघून वाचायला अजिबात संकोच करू नका. माझा कागद हातात फडफडत होता, इतका की शेजारणीनं तो खालून धरला. आवाज पहिल्या ओळीला चिरका निघाला. तरी मी थांबले नाही, कारण दुसरी ओळ पाठ होती. "६ मिनिटं" म्हटल्यावर पुढच्या रांगेतलं कुजबुजणं बंद झालं. ती शांतता मला अजून आठवते.

आडवं बोलणं येईल

येणारच. काय येईल हे साधारण माहीत असतं, म्हणून उत्तरं आधीच तयार ठेवा.

"वहिनी, दादांना पाठवा की. त्यांच्याशी बोलतो आम्ही." हे मला पहिल्याच मिनिटाला ऐकावं लागलं. बोलणाऱ्याच्या आवाजात प्रेमच होतं, पण अर्थ "बसा खाली" असाच होता. मी म्हणाले, "भाऊ, पाणी मी भरते. म्हणून मीच सांगते." सबंध सभेत सगळ्यात जास्त कामाला आलेलं वाक्य हेच. ज्याचं काम, त्यानं सांगायचं.

"हा विषय आजचा नाही." पोच दाखवा: "अर्ज दिलेला आहे. आयत्या वेळच्या विषयांत घ्या."

"बघू, करून टाकू." याला "बरं" म्हणून खाली बसू नका. "कधीपर्यंत? तारीख प्रोसिडिंगला लिहा." प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद. लोक इथंच ढिले पडतात. बोललो, ऐकलं, सुटलो असं वाटून बसतात. मला शेवटची ओळ दोनदा म्हणावी लागली.

कुणी मुद्दा सोडून राजकारणावर, घरावर, जातीवर गेलं तर त्याला उत्तर देऊ नका. मनात कितीही आलं तरी नको. थांबा, आणि आपली शेवटची ओळ पुन्हा तशीच म्हणा. कुणी हसलं तर हसणं संपेपर्यंत उभं राहा. बसायचं नाही, एवढंच. हसू फार वेळ टिकत नाही.

स्वतःचा आवाज चढायला लागला तर कागदाकडे बघा. राग येणं चूक नाही. पण चढलेला आवाज ऐकला की सभा पाणी विसरते आणि "बाई किती बोलते" एवढंच घरी नेते. हे अन्यायाचं आहे, पुरुषाच्या चढ्या आवाजाला कुणी असं म्हणत नाही. तरी पहिल्या वेळी तरी विषय हातातून सुटू देऊ नका.

सभा संपल्यावर

चहाच्या आधी भाऊसाहेबांकडे जा. "माझा विषय कसा लिहिलाय, वाचून दाखवा." प्रोसिडिंगमध्ये माझं वाक्य "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली" असं उतरलं होतं. मी म्हणाले, "वरची आळी, वेगळी पाळी आणि तारीख, एवढं घाला." घातलं. कोऱ्या पानावर सही मात्र कधीच करू नका, हजेरीच्याही नाही.

पुढं प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, प्रत हवी असेल आणि मिळत नसेल, तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. ज्याला उभं राहून बोलणं जमतच नाही, त्यानं हा कागदच बोलू द्यावा.

जिथं बोलू नये

आता त्या दुसऱ्या भीतीकडे येते. बोलल्यानं मार पडणार असेल, रोजगार जाणार असेल, वाळीत टाकलं जाणार असेल, तर चारचौघांत एकट्यानं उभं राहू नका. त्याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अशा वेळी विषय गटाच्या नावानं द्या, वीस सह्या गोल आकारात घ्या म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही. पंचायत समितीत लेखी द्या. जो माणूस त्यांच्यावर अवलंबून नाही, शिक्षक असेल, निवृत्त फौजी असेल, त्याला मांडायला सांगा. घरातच त्रास असेल तर १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि जिवावर आलं तर ११२. हे दोन आकडे मोबाइलमध्ये जपून ठेवण्यापेक्षा पाठ करा, कारण मोबाइल हिसकावला जातो.

एक बोलली की पुढचं

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. २०२२ सालच्या ४ मे रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला या ठरावाचं मोठं अप्रूप वाटतं, कारण हा विषय घराच्या आतला. ज्या चालीबद्दल बाई स्वतःच्या आईशीही बोलू शकत नव्हती, तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत आला.

आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव सगळ्यांना माहीत आहे: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरतं. एकाचं पटलं नाही तरी बोलणी चालू राहतात. तिथल्या गप्प माणसाचंही मत विचारावंच लागतं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे गप्प बसलं की "होय" धरतात.

शहरात राहणाऱ्यांना ग्रामसभा नसते, पण सोसायटीची वार्षिक सभा असते, शाळेतली पालकसभा असते. बादलीच्या जागी तिथं लिफ्ट किती दिवस बंद होती ते मोजा. बाकी क्रम तोच.

आमच्या पाण्याला तीन सभा लागल्या. पहिल्या सभेत तारीख मिळाली, ती टळली. दुसरीत मी पुन्हा उभी राहिले, तेव्हा वरच्या आळीतल्या आणखी चौघी बादल्यांची वही घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या सभेआधी एक दिवस पाणी सोडणारे भाऊ स्वतः दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, उद्यापासून वरच्या आळीचा व्हॉल्व्ह वेगळा उघडतो, पावणेसहाला." निळी बादली आता दीड मिनिटात भरते.

गटाराचा विषय अजून तसाच आहे. अर्जाची पोच कॅलेंडरला टाचलीय, पुढच्या सभेची नोटीस अजून लागायचीय. या वेळी आमच्या आळीतली नवी सून बोलणार आहे. बारावी झालीय, अक्षर छान आहे, पण आवाज अगदी बारीक. काल तिला चार ओळी लिहायला लावल्या. नऊ झाल्या. आज रात्री जेवणं झाली की पाच खोडायला बसायचंय.